आजोबांचा चावीचा फोनो: दुरुस्ती करावी, ब्लूटूथ बसवावं की सगळं मोबाईलवर घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या घराचा माळा आवरताना आजोबांचा पेटीफोनो (पेटीत बसवलेला चावीचा ग्रामोफोन) आणि तीसेक तबकड्या सापडल्या. चावी दिली की तबकडी फिरते, पण गाणं निम्म्यावर आलं की सुस्तावते आणि पेटीच्या आतून मधूनच ‘धप्प’ असा आवाज येतो. एक दुरुस्तीवाला म्हणतो, “आतलं सगळं काढून इलेक्ट्रिक मोटर आणि ब्लूटूथ बसवून देतो.” घरातल्या पोरांचं म्हणणं, गाणी मोबाईलवर घ्या आणि पेटी शोकेसमध्ये ठेवा. गणपतीला दोन महिने आहेत आणि तोवर काहीतरी वाजलं पाहिजे.

यात तीन कामं एकमेकांत गुंतली आहेत. यंत्र चालतं करायचं, तबकड्यांतला आवाज वाचवायचा आणि चार माणसांना तो ऐकवायचा. तिन्ही एकाच उपायात बसवायला गेलं की त्यातलं एक तरी बिघडतं, म्हणून मी ती नेहमी वेगळी करतो आणि क्रम ठरवतो: आधी तबकड्या, मग यंत्र, शेवटी ऐकवणं. कारण सरळ आहे. फोनोची मोडलेली स्प्रिंग किंवा झिजलेलं दातेरी चाक कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही करून मिळतं. तबकडीची घासून गेलेली खाच जगात कुठेच भरून मिळत नाही.

चावीच्या फोनोत वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. खाचेतल्या नागमोडीने सुई डावी-उजवी हलते, सुई साउंडबॉक्सचा, म्हणजे ती जिच्यात बसवतात त्या गोल डबीचा पडदा हलवते आणि कर्णा तो आवाज खोलीत पसरवतो. म्हणजे खोली भरायला लागणारी सगळी ताकद सुईच्या टोकातून जाते. त्यासाठी साउंडबॉक्सचा भार सुईवर १०० ते १५० ग्रॅमच्या आसपास असतो. चांगल्या इलेक्ट्रिक पिकअपचा, म्हणजे सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या भागाचा, भार ३ ते ५ ग्रॅम. तबकडी लाखेची, पण त्या लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असते. ती पोलादी सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. म्हणून नियम आहे: एक बाजू, एक सुई. दुसऱ्या बाजूला तीच सुई लावली तर घासून तयार झालेल्या तिच्या कडा खाच कापत जातात. खाचा करड्या, निस्तेज दिसणारी तबकडी बहुतेक अशीच मेलेली असते. लोक दोष फोनोला देतात, मारते ती काटकसर. आजोबांच्या पत्र्याच्या डबीत सुया सापडल्या असतील तर त्या वापरू नका. त्या काळी वापरलेल्या सुया त्याच डबीत परत पडायच्या. भिंगाखाली टोकाला चपटा चकाकता डाग दिसला की ती सुई वापरलेली. कानशीने टोक काढून पुन्हा वापरायचा उद्योग तर अजिबात नको.

आता तबकड्या वेगळ्या करा. पहिल्या ढिगात एका बाजूनेच छापलेल्या, घरगुती किंवा स्थानिक कलावंताच्या, किंवा इंटरनेटवर कुठेच न सापडणाऱ्या. लेबलवरचा नंबर आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या जागेत दाबलेला मॅट्रिक्स नंबर, दोन्ही लिहून घ्या. एकाच गाण्याची दोन वेगळी ध्वनिमुद्रणं असतील तर ती या दुसऱ्या नंबरावरून कळतात. हा ढीग फोनोवर कधीच जाणार नाही. दुसऱ्या ढिगात पन्नास-साठच्या दशकातल्या सिनेमाच्या आणि भावगीतांच्या चकचकीत तबकड्या. आपल्याकडे ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. त्यांचं ध्वनिमुद्रण जोरकस, खाच फार वळणाची. पेटीफोनोच्या जड साउंडबॉक्सला ती वळणं घेता येत नाहीत, तो भिंती तोडत जातो. याही फोनोवर नकोत. तिसऱ्या ढिगात दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, सहज मिळणारी, बऱ्या अवस्थेतली नाट्यगीतं आणि तत्सम. फोनोसाठी हाच ढीग. लवणारी, नखाने टिचकी मारली तर बद्द वाजणारी प्लॅस्टिकची एलपी किंवा सात इंची तबकडी असेल तर ती साउंडबॉक्सखाली एका फेरीतच संपते.

साफसफाईत सर्वात मोठी चूक स्पिरिटची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर, आफ्टरशेव्ह, काच पुसायचं द्रावण यातलं काहीच नको. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून सावलीत उभी वाळवा. तडा गेलेल्या किंवा कडेला पदर सुटलेल्या तबकडीला पाणी लावू नका. काही कंपन्यांच्या तबकड्यांत आत कागदाचा थर असतो, तो फुगतो. फेव्हिक्विक तर नकोच. केसाएवढी चीर असलेली तबकडी हलक्या पिकअपवर बऱ्याचदा ‘टक टक’ करत पूर्ण वाजते. चिकटवून उंचवटा आला की तीही आशा गेली. आणि हे काम आपल्याकडच्या श्रावणझडीत करू नका. ओल आत राहिली की आठ दिवसांत बुरशी येते.

डिजिटल प्रत घेताना बहुतेकांची पहिली चूक असते ती सुईची. ७८च्या तबकडीची खाच रुंद असते. तिला २.५ ते ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ६५ ते ७५ मायक्रॉन गोलाईची सुई लागते. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची. ती खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळते आणि वर नुसती खरखर ऐकू येते. बाजारात मिळणाऱ्या ‘जुन्या धाटणीच्या’ ब्लूटूथ फोनोत हीच अडचण आहे. वर पितळी कर्णा असतो, पण आवाज येतो पेटीतल्या छोट्या स्पीकरमधून, कर्णा शोभेचा. विकत घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी विचारा: ७८चा वेग आहे का, आणि त्या पिकअपला ३ मिलची सुई मिळते का. दोन्हीपैकी एकालाही उत्तर ‘नाही’ असेल तर तुमच्या तबकड्यांना त्याचा उपयोग नाही. तबकडी झिजलेली असेल तर सुई थोडी लहान किंवा थोडी मोठी बदलून पाहावी. जुन्या पोलादी सुईने खाचेची जी उंची खाल्ली, तिच्या वर किंवा खाली शाबूत भिंत मिळते आणि आवाजातला फरक लगेच कळतो.

दुसरी चूक प्रीॲम्पची, म्हणजे पिकअपचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राची. आजचे फोनो प्रीॲम्प आरआयएए या वक्रावर, म्हणजे खर्ज किती उचलायचा आणि वरचा आवाज किती दाबायचा याच्या ठरलेल्या हिशेबावर चालतात. तो वक्र १९५४च्या सुमाराला रूढ झाला आणि १० किलोहर्ट्झला आवाज जवळपास १४ डेसिबलने खाली आणतो. जुन्या तबकड्या त्या हिशेबाने कापलेल्याच नाहीत. त्यामुळे वरचा आवाज दाबला जातो आणि गायक गोधडीतून गातोय असं वाटतं. सपाट प्रीॲम्प मिळाला तर उत्तम. नाहीतर आरआयएएमधून घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये तो वक्र उलटा लावा. मग १९२५नंतरच्या विजेवर ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्यांना २५० हर्ट्झखाली खर्ज उचला, वरचा भाग बहुधा सपाट ठेवा. त्याआधीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांना ठरलेला वक्रच नाही. तिथे कान हाच हिशेब.

भरताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. तबकडी मोनो असली तरी दोन्ही चॅनेल भरा, कारण खाचेच्या दोन भिंतींपैकी एक बहुधा कमी झिजलेली असते आणि ती नंतर निवडता येते. दोन्ही सारख्याच असतील तर एकत्र केल्यावर वर-खाली होण्याचा बराचसा खडखडाट आपोआप कटतो. असा एक मिनिट साधारण ३५ एमबी घेतो. तुमच्या तीस तबकड्यांच्या साठ बाजू सव्वातीन मिनिटांच्या धरल्या तरी सगळं मिळून सात जीबीच्या आत बसतं. ही कच्ची प्रत जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा आणि सफाई तिच्या नकलेवर करा.

सफाईत आपल्या संगीताला खास धोका आहे आणि परदेशी मार्गदर्शिका तो सांगत नाहीत. आवाज कमी करणारं फिल्टर ‘एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे कचरा’ असं मानतं. आपल्याकडे एकसारखा चालू असतो तो तंबोरा आणि हार्मोनियमचा षड्ज. खरखरीचा नमुना गाणं चालू असलेल्या जागेवरून घेतला तर फिल्टर तंबोराच खातं आणि गायक विहिरीतून बोलल्यासारखा येतो. नमुना घ्यायचा तो गाणं सुरू होण्यापूर्वीच्या कोऱ्या खाचेतून, दीडएक सेकंद पुरतो, आणि फिल्टर ६ डेसिबलच्या पुढे नेऊ नये. तसंच ‘टिक’ काढणाऱ्या फिल्टरचं. तबल्याचा ‘ना’ आणि ओरखड्याचा ‘टक’ त्याला सारखाच दिसतो. फार जोर लावला की लावणीतली ढोलकी गादीवर वाजवल्यासारखी होते. मोठे टक हाताने एकेक काढा, बारीक खरखर राहू द्या. कान ती दोन मिनिटांत विसरतो.

वेगाबद्दल. सगळ्या जुन्या तबकड्या ७८च्याच नसतात. सुरुवातीच्या काळातल्या सत्तरच्या घरापासून ऐंशीच्या वरपर्यंत सापडतात. ७८ आणि ८२.६ यांत बरोबर एका अर्ध्या सुराचा फरक पडतो, म्हणजे काळी एकची काळी दोन नाही, पण पांढरी दोन नक्की. गायकाची पट्टी ठाऊक असेल तर तिच्यावरून जुळवा, पण साथीच्या हार्मोनियमवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. त्या वेळच्या हार्मोनियम आजच्या ४४० हर्ट्झला लावलेल्या असतीलच असं नाही. स्वराचा आकार, शब्दांची फेक माणसासारखी वाटते का ते ऐका. याच बाबतीत डिजिटल प्रत फोनोच्या पुढे आहे: वेग नंतर कितीदाही बदलता येतो, तबकडीला त्याची झळ बसत नाही.

प्रत घेतली म्हणून तबकडी भंगारात देऊ नका. व्हॉयेजर अंतराळयानांवर १९७७ साली गायिका केसरबाई केरकरांची भैरवी पाठवली, तीही खाचेच्या तबकडीवरच, सोबत सुई आणि वाजवायची चित्रं देऊन. ज्या अल्लादियाखाँसाहेबांची तालीम केसरबाईंना मिळाली, ते शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. खाच वाचायला सुई पुरते. फाइल वाचायला तो प्रोग्रॅम, ते यंत्र आणि शाबूत डिस्क, तिन्ही लागतं.

आता यंत्र. तुमचं पेटीबंद मॉडेल आहे म्हणता, म्हणजे बहुधा अस्सल आहे. बाहेर वर डोलणारा चकचकीत पितळी कर्णा, खाली नवीन पॉलिशची पेटी आणि त्यावर कुत्र्याचं चित्र असलेला फोनो असता तर आधी संशय घ्या असं म्हटलं असतं. असे पुष्कळ फोनो अलीकडे जुन्या पेटीफोनोच्या मोटरी घालून जुळवलेले असतात.

‘धप्प’ आणि सुस्तावणं ही बहुतेक एकाच रोगाची लक्षणं आहेत. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळून डांबर झालं आहे. वेटोळी एकमेकांना चिकटतात, मग एकदम सुटतात, तो ‘धप्प’. खात्री करायला तबकडी न ठेवता पूर्ण चावी द्या, टर्नटेबलच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावा आणि फेऱ्या मोजा. अर्ध्या मिनिटात ३९ भरल्या पाहिजेत. दहा इंची बाजू तीन मिनिटांची, म्हणजे सुमारे २३५ फेऱ्या. एका चावीत २५० फेऱ्या एकसारख्या वेगाने मिळाल्या तर मोटर ठीक. मोकळी नीट फिरते आणि सुई टेकवली की दमते, तर स्प्रिंग कमजोर किंवा तबकडी फार जोरकस. चावी हाताला हलकी लागते आणि आत ‘कट’ होऊन सुटते, तर स्प्रिंग तुटली किंवा आकड्यातून निघाली. वेग सुटतो आणि आत फडफड ऐकू येते, तर गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या, तीन वजनांपैकी एखाद्याची पातळ पट्टी मोडली.

घरी करण्यासारखं काम एवढंच: गव्हर्नरच्या दोन टोकांना आणि टर्नटेबलच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, गव्हर्नरच्या चकतीवर टेकणाऱ्या नमद्याला एक-दोन थेंब (तो कोरडा पडला की ‘चीं’ करतो आणि वेग डुलतो), वर्म गिअरला थोडं ग्रीस. खोबरेल घालू नका, ते थंडीत गोठतं आणि वर्षभरात चिकट होतं. डब्ल्यूडी-४०सुद्धा स्प्रिंगच्या डब्यात नको. ते जुनं ग्रीस पातळ करून सगळीकडे पसरवतं आणि उडून जातं.

स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका. तीन-चार मीटर लांबीची पोलादी पट्टी त्यात दाबून बसवलेली असते. सुटली तर बोटं जातात. चावी भरलेली असताना गव्हर्नर काढणं त्याहून वाईट, मोटर अनावर फिरते आणि चाकांचे दात उडतात. कारागिराला नेमकं सांगा: आधी ताण पूर्ण उतरवा, स्प्रिंग बाहेर काढून रॉकेलने धुवा, तडे पाहा, ग्राफाइट मिसळलेलं ग्रीस लावून परत भरा. स्प्रिंग टोकाला तुटली असेल तर टोक तापवून मऊ करून नवं भोक पाडता येतं. दोन-चार इंच कमी झाल्याने फार बिघडत नाही. मधे तुटली असेल तर नवीच हवी. तेव्हा रुंदी, जाडी आणि लांबी तिन्ही मोजून न्या. रुंदी जुळली पण जाडी जास्त, तर डब्यात वेटोळी कमी बसतात आणि गाणं संपायच्या आत चावी संपते.

साउंडबॉक्स फाटल्यासारखा वाजत असेल तर पडद्याच्या कडेची रबरी नळी दगडासारखी झाली असणार. अभ्रकाच्या पडद्याला साधारण ३ मिलिमीटर जाडीची मऊ नळी लागते. पडदा मधोमध जिथे दांडीला जोडला आहे तिथे मेणाचा एक कण, म्हणजे हवा निसटत नाही. ॲल्युमिनियमच्या पडद्याचा साउंडबॉक्स असेल तर तो माहीतगाराकडेच द्या. त्या पडद्याला बोट लागलं तरी पोचा पडतो. जस्ताच्या मिश्रधातूचं मागचं कवच फुगून तडकलेलं असतं, म्हणून स्क्रू ताकदीने फिरवू नका.

वेग शेवटी सुई टेकवलेली असतानाच लावा, कारण ओढीने तो उतरतो. ७७ रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची, टर्नटेबलवर ठेवायची चकती) ५० हर्ट्झच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली स्थिर दिसली की ७७.९२ वेग झाला. एलईडी दिव्याखाली ही युक्ती बऱ्याचदा फसते. तिथे चिठ्ठी आणि घड्याळच बरं.

राहिला ब्लूटूथवाला. त्याला नाही म्हणा. इलेक्ट्रिक मोटर बसवली तरी साउंडबॉक्सचा भार तेवढाच राहतो, म्हणजे तबकडी तशीच झिजणार. आणि जुनी मोटर एकदा बाहेर गेली की तिची चाकं कुणाच्या तरी डब्यात हरवणार. कर्ण्याचा आवाज आणि मोबाईलची गाणी एकत्र हवी असतील तर पेटीला एकही भोक न पाडता होतं. साउंडबॉक्स हळूच काढून कापसात ठेवा. त्याच्या जागी फोनोच्या हाताच्या (साउंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ नळीच्या) तोंडावर एक-दोन वॉटचा छोटा स्पीकर रबरी कडं किंवा कापलेलं बूच लावून घट्ट बसवा. हवा निसटली की आवाज पोकळ होतो. मोबाईलच्या इक्वलायझरमध्ये २०० हर्ट्झखालचं सगळं कापा. कर्णा ते वाजवू शकत नाही आणि स्पीकर उगाच थडथडतो. तुमची साफ केलेली प्रत या वाटेने वाजवली की आवाज पेटीचाच येतो, झीज शून्य.

यात तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगतो. मोटरचा कारागीर गणपतीपूर्वी मिळेल की नाही, साठ बाजू भरायला कुणाकडे ३ मिलची सुई आहे का, आणि तिसऱ्या ढिगात खरंच किती तबकड्या निघतात. कारागीर वेळेत मिळाला नाही तर मोटरला तेल देऊन ती नुसती मोकळी फिरवा आणि स्पीकरची युक्ती वापरा. पाहुण्यांना फिरणारी तबकडी दिसेल आणि गाणं ऐकू येईल. मिळाला तर रोज आरतीनंतर तिसऱ्या ढिगातली एकच तबकडी, दोन बाजू, दोन नव्या सुया. खोली लहान असेल तर पातळ, ‘सॉफ्ट’ सुई घ्या. या यंत्राला आवाजाचं बटण म्हणजे तेवढंच. चावी देताना हाताला घट्ट लागलं की थांबा, पार शेवटापर्यंत ओढू नका आणि उलटी तर कधीच फिरवू नका. अनंत चतुर्दशीला पेटी मिटण्यापूर्वी तबकडी काढून टर्नटेबल आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या, म्हणजे स्प्रिंग वर्षभर ताणलेली राहणार नाही.